चिमण्याची साक्ष

तुरुंगातून सुटून घरी आल्यापासून साहेब ज्याचे त्याचे आभार मानत सुटले होते. घरच्यांना आधी त्याची गंमत वाटली, मग अवघडल्यासारखं झालं आणि दुपार होईपर्यंत चक्क वैताग आला.

जिन्यात खालच्या औषधवाल्यानं नुसतं अंग चोरून वाट दिली, तर त्याचे आभार. सुनेनं चहा पुढे केला, तिचे आभार. न्हाणीघरातून बाहेर आल्यावर गरम पाण्याबद्दल त्यांनी बायकोचे, म्हणजे ताईचे, आभार मानले, तेव्हा ती म्हणाली, "गीझरचे माना." त्यावर त्यांनी खरंच मागं वळून गीझरकडे पाहिलं. ताईला हसू आलं. साडेतीन वर्षांत माणूस निम्मा झाला होता. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल फिरत होती.

ज्यांच्या ऑफिसबाहेर उजाडायच्या आत आभार मानणाऱ्यांची रांग लागायची, ते हे साहेब. त्यांनी आभार कायम घेतलेच होते. देणं हा प्रकार त्यांच्या हातून कधी झालाच नव्हता. त्यामुळे आता ते शिकाऊ माणसासारखे, जरा जास्तच जोर लावून आभार देत होते.

ताईशी लग्न झालं तेव्हा ते साहेब नव्हते. नगरपालिकेच्या पाणी खात्यात वॉल्व फिरवायचे. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, बुडाखाली सायकल आणि डोक्यात साऱ्या शहराचे नळ. कुठल्या गल्लीत शेवटच्या घराला पाणी चढत नाही, कुठली म्हातारी रात्री उठून बादली लावते, सगळं पाठ. पहिल्यांदा नगरसेवकपदाला उभे राहिले तेव्हा लोक म्हणाले, तू वॉल्व तेवढा नीट फिरव, मतं आपोआप येतील. आणि आली. मग आमदारकी आली, तीही एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या खेपेला मोठ्या जलवाहिनीचं काम निघालं. जाड पाइपांच्या नावावर पातळ पाइप जमिनीत गेले. पाइपावर नुसता हात ठेवून जो माणूस आतलं पाणी ओळखायचा, त्यानं त्या कंत्राटाकडे काणाडोळा केला. काणाडोळ्याच्या बदल्यात तळ्याकाठचा फ्लॅट ताईच्या नावावर झाला आणि चिरंजीवाला कंत्राटदाराच्या कंपनीत भागीदारी मिळाली. दोन-तीन वर्षांत टेकडीवरच्या वस्तीत नळाला गंजाचं लाल पाणी येऊ लागलं. पोरं आजारी पडली, बोंबाबोंब झाली, चौकशी लागली आणि मग खटला.

त्या खटल्यात साहेबांच्या विरुद्ध उभा राहिला तो चिमणा, ताईचा पाठचा भाऊ.

चिमणा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. ताईनंच त्याला भरवून मोठा केला. प्रत्येक घास 'चिमणीचा' म्हटल्याशिवाय तोंड उघडायचा नाही, म्हणून चिमणा. शिकला, आणि साहेब आमदार झाल्यावर त्यांचा पीए झाला. साहेबांचे कागद, साहेबांच्या भेटी, साहेबांच्या गोळ्यांच्या वेळा, सगळं त्याच्या हातात. आणि तोच माफीचा साक्षीदार होऊन पिंजऱ्यात उभा राहिला. त्याच्या तोंडून सगळं बाहेर आलं आणि साहेब आत गेले. ताई एकही दिवस कोर्टात गेली नव्हती. तिला घरी येऊन चिरंजीवानं एवढंच सांगितलं होतं, "मामानं गळा कापला." तिनं त्याच दिवशी भावाचं नाव टाकलं. पुढे चिमण्यानं बाजारामागच्या गल्लीत लॉन्ड्री टाकल्याचं कळलं, तेव्हा तिनं भाजीला जायचा जवळचा रस्ता सोडला आणि लांबचा धरला.

आज सगळे जेवायला जमले होते. बंगला आणि तळ्याकाठचा फ्लॅट जप्तीत गेल्यापासून औषधांच्या दुकानावरच्या या दोन खोल्या म्हणजेच घर होतं. भाडं सून भरत होती. ती दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात ताई रिसेप्शनला बसायची, लोकांना नंबर द्यायची, रडणाऱ्या पोरांना समजवायची. जेवायला माणसं जास्त म्हणून दवाखान्यातलं घडीचं टेबल आणि बाकडं वर आणलं होतं. साहेबांचे थोरले भाऊ, निवृत्त हेडमास्तर, खिडकीपाशी बसले होते आणि घास घेण्याआधी प्रत्येक वेळी चष्मा पुसत होते. साहेबांची बहीण मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. ती वाढायचं काम करत होती आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात कुणी काय खायचं हे ठरवत होती. चिरंजीव मात्र जेवत नव्हते, ते फोनवर होते.

चिरंजीवांचा बेत असा होता. पाच वाजता उघडी गाडी दाराशी येईल. साहेब मागे उभे राहतील, शेजारी ते स्वतः. बाजारातून फिरून मैदानात सभा. साहेबांना आता काही वर्षं निवडणूक लढवता येणार नव्हती, पण जागा तर मोकळी होती. साहेबांनी नुसतं मुलाच्या खांद्यावर हात ठेवायचा, बाकी भाषण तो करणार होता. हेडमास्तरांना हे सगळं उथळ वाटत होतं आणि तसं त्यांनी सांगितलंही. मेट्रन मात्र भाच्याच्या बाजूनं होती. घराण्याचं नाव गेलं तसंच परत आणायला हवं, असं तिचं म्हणणं. सून गप्प होती. ताई कुणाच्याच बाजूची नव्हती. नवरा समोर बसून गरम भात खातो आहे, एवढंच तिला त्या दिवसापुरतं पुरे होतं.

साहेबांनी सगळा बेत ऐकून घेतला. मग टेबलाभोवती नजर फिरवली.

"एक खुर्ची कमी आहे," ते म्हणाले.

सुनेला वाटलं आपलं काही चुकलं. ती उठायला लागली.

"चिमण्याला बोलावलं नाहीत?"

मेट्रनच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला. तुरुंगात डोक्यावर परिणाम होतो असं ऐकलं होतं, ती म्हणाली, आज बघायला मिळालं. हेडमास्तरांनी चष्मा पुसायचा थांबवला आणि घरभेद्याला घरात घ्यायचं असेल तर आपण आत्ताच निघतो म्हणाले. चिरंजीवांनी फोन खाली ठेवला. मामाची सावली जरी आज या दारात दिसली तरी कार्यकर्ते परत फिरतील, गेली तीन वर्षं मी सभेसभेतून काय सांगत आलोय ते तुम्हाला माहीत नाही, असं त्यांनी बापाला समजावून सांगितलं. एरवी या तिघांचं पाण्याच्या पेल्यावरूनही एकमत होत नसे. चिमण्याचं नाव निघताच मात्र तिघं एका सुरात बोलायला लागले.

आणि मग तिघांनी ताईकडे पाहिलं, कारण शेवटचा शब्द तिचा होता.

"तो आला तर मी या ताटावरून उठेन," ताई म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. त्यांना हे अपेक्षित असावं. त्यांनी हात धुतले नाहीत, उष्ट्या हातानंच बसून राहिले.

"मला त्याचे आभार मानायचे आहेत," ते म्हणाले.

चिरंजीव हसले. "कशाबद्दल? आत पाठवल्याबद्दल?"

"हो. एकट्याला पाठवल्याबद्दल."

 खाली औषधवाल्याचं शटर कुणीतरी अर्धं ओढल्याचा आवाज आला.

मग साहेब सावकाश सांगू लागले. आमदारकीत त्यांचा आवाज सभागृह भरून टाकायचा. आज तो टेबलाच्या कडेपर्यंतच पोचत होता. खटल्याच्या आधी, तपासात, त्यांच्याबरोबर आणखी दोन नावं होती. फ्लॅट ज्यांच्या नावावर, त्या ताई, आणि कंपनीत भागीदार म्हणून चिरंजीव. पहिल्या वकिलानं सल्ला दिला होता की सगळ्यांनी तोंडं शिवून बसा, साक्षीदारच नसेल तर खटला उभा राहत नाही. तो सल्ला साहेबांना पटला होता. तो जुगार होता. लागला असता तर सगळे सुटले असते आणि हुकला असता तर सगळे आत गेले असते. त्यांनी तो खेळायचं ठरवलं होतं. डावावर बायको आणि मुलगा आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. आजवर कुठला डाव हरलो नाही तर हा कशाला हरेन, एवढंच त्यांच्या मनात होतं.

चिमण्यानं तो जुगार खेळायला नकार दिला. तो सरकारी वकिलाकडे गेला आणि म्हणाला, सगळं सांगतो, पण माझी बहीण आणि भाचा यांची नावं काढा. पुढे साक्षीत त्यानं हेही सांगितलं, की ताईच्या सह्या आपणच घेतल्या. ती स्वयंपाकघरात होती, हात ओले होते, डोळ्यांवर चष्मा नव्हता. आपण बोट ठेवलं तिथे तिनं सही केली. भाच्याचंही तसंच. त्याला काय भागीदारी मिळाली हे त्याला कळायच्या आत कागद झाले होते.

"पहिलं वर्षभर मीही त्याला शिव्याच घालत होतो," साहेब म्हणाले. "सकाळी उठून पहिली शिवी त्याला. मग अपिलासाठी नवा वकील आला. म्हातारा होता, स्पष्ट बोलायचा. म्हणाला, तुमचा मेव्हणा बोलला नसता तर तुम्ही सुटला नसताच, वर बाईसाहेब बायकांच्या तुरुंगात असत्या. पुरावा तेवढा होता. मी त्याला म्हटलं, अपील राहू दे."

हेडमास्तरांचं समाधान झालं नव्हतं. त्यानं स्वतःला माफी मिळवलीच ना, असं त्यांनी विचारलं. मिळवली, साहेब म्हणाले, त्याशिवाय त्याला साक्षच देता येत नव्हती, आणि त्या माफीची शिक्षा आपण सगळ्यांनी मिळून त्याला दिलीच की.

ताई इतका वेळ ताटातल्या भाताकडे बघत होती. तिला राग यायला हवा होता की आनंद व्हायला, ते ठरत नव्हतं. राग आधी सापडला.

"दर महिन्याला मी भेटायला येत होते," ती म्हणाली. "काचेपलीकडे बसून तुम्ही मला दवाखान्यात गर्दी असते का विचारत होता. हे सांगायला तोंड शिवलं होतं का?"

"तू यायचीस ती त्याच्यावर दातओठ खात. मला वाटलं, त्या रागाच्या जोरावरच उभी आहे, तो काढून घेतला तर कोसळशील." साहेब थांबले. "असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे तो राग माझ्या वाट्याचा होता. तो त्याच्याकडे जात होता, ते मला बरं पडत होतं."

ताईनं मुलाकडे पाहिलं. तो फोनची कड नखानं खरवडत होता.

"तू तर रोज कोर्टात होतास."

"होतो."

"मग तुला ठाऊक होतं."

त्यानं मान वर केली नाही. आई, लोकांना ती गोष्ट पटत होती, एवढंच तो म्हणाला. मामानं दगा दिला, साधी गोष्ट होती, सगळ्यांना कळायची. खरी गोष्ट सांगायची तर आधी आपण काय केलं ते सांगावं लागलं असतं.

आजवर सून या घराच्या भांडणात कधी पडली नव्हती. तिनं ताट बाजूला सारलं. आत झोपलीय त्या आपल्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला मामांना बोलवू या असं मी म्हणाले होते, ती नवऱ्याला म्हणाली, तेव्हा तू मला काय काय बोललास ते आठव. इतकं बोलून ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. चिरंजीव तिच्यामागे गेले नाहीत. गाडीवाल्याचा फोन आला, तोही त्यांनी वाजू दिला.

मेट्रन अजून डाव धरून उभी होती. तिचा आवाज एकदम वॉर्डातून घरात आला. वहिनीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा चिमणा इस्पितळाच्या फाटकाशी यायचा, ती म्हणाली. आत येऊ का असंही विचारायचा नाही. ताप उतरला का, एवढंच विचारायचा. मी त्याला तिन्ही दिवस हाकललं. शिपायाला सांगून ठेवलं होतं की हा माणूस दिसला की गेट लावायचं.

असं म्हणून तिनं फळीवरून डबा काढला आणि भरायला घेतला. भात दाबून भरला, वर कोंबडीच्या फोडी रचल्या, बटाटे वेगळ्या कप्प्यात. पश्चात्ताप वगैरे शब्द तिच्या तोंडात बसत नसत, पण डबा मात्र तिनं असा भरला की झाकण लावायला दोघं लागले. हेडमास्तर म्हणाले, मी येणार नाही, माझं मत मी इतक्या लवकर बदलत नसतो, पण जाऊ नका असंही म्हणणार नाही. त्यांच्यापुरती ती मोठीच माघार होती.

साहेब चपला शोधू लागले. ताईनं त्यांना थांबवलं.

"तुम्ही मागून या," ती म्हणाली. "आधी मी. भाऊ माझा आहे."

जवळचा रस्ता तिनं इतक्या वर्षांनी धरला होता, तरी पाय चुकले नाहीत. चांभाराचं दुकान, किल्ल्या करून देणारा, मग कोपऱ्यावर छापखाना, आणि त्याला लागून लॉन्ड्री. दुकान म्हणजे एक लांबट बोळ होता. समोर उचलायच्या फळीचा काउंटर, मागे छतापर्यंत हँगर, प्रत्येक कपड्याला टाचणीनं लावलेली नंबराची चिठ्ठी. ओल्या सुताचा आणि स्टार्चचा गरम वास. आत वाफेच्या ढगात एक माणूस पांढरा कोट इस्त्री करत होता. केस विरळ झाले होते. पाठीला किंचित पोक आलं होतं. ताई काउंटरशी उभी राहिली.

त्यानं मान वर करून पाहिलं. हातातली इस्त्री मध्येच सोडता येत नव्हती, कोटाची बाही अर्धी झाली होती. ती त्यानं पुरी केली, इस्त्री उभी ठेवली आणि मग पुढे आला.

"सुटले?" त्यानं विचारलं.

"सकाळी."

"तब्येत?"

"बारीक झालेत. आणि दिसेल त्याचे आभार मानतायत. गीझरचेसुद्धा."

चिमणा हसला. हसताना तो पूर्वीसारखाच दिसला. तिनं डबा काउंटरवर ठेवला.

"मेट्रननं भरलाय."

"मग आधी मांजराला देऊन बघतो," चिमणा म्हणाला.

तिला हसायचं होतं, जमलं नाही. वाटेत तिनं बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. ते पार विस्कटलं आणि भलतंच तोंडातून आलं.

"माझ्या डोळ्यांवर चष्मा होता."

चिमण्यानं इकडेतिकडे पाहिलं. दुकानात कुणी नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "तपकिरी काड्यांचा."

"पहिलं पान मी वाचलं होतं. तुला विचारलंही, हा फ्लॅट कशाचा म्हणून."

"मी म्हटलं, बक्षीस समज. तू म्हणालीस, खिडकीतून तळं दिसेल ना."

ताईनं डोळे मिटले. असंच म्हणाली होती ती. नंतर त्या खिडकीत बसून तिनं किती संध्याकाळी चहा घेतला होता, आणि टेकडीवरच्या वस्तीतला दिवा न् दिवा तिथून दिसायचा.

"मग कोर्टात खोटं का बोललास?"

"बाकी सगळं खरंच सांगितलं, ताई. तीन दिवस उभा राहून खरं बोललो. माझंही, साहेबांचंही, काही लपवलं नाही. तुझ्याबद्दल विचारलं आणि..." त्यानं काउंटरवरचा एक सुटा धागा उचलून बोटाला गुंडाळला. "तुला दार लावून झोपता येत नाही. लिफ्टमध्ये चढत नाहीस तू, चार मजले चालत जातेस. मला तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. ते चूक होतं, माहीत आहे. त्याचं ओझं मी वागवतोय, तू नको वागवू."

त्यांच्या घरात भावाबहिणीनं एकमेकांचे आभार मानायची रीत नव्हती. ताईला तर तो शब्दच सापडेना. तिनं फळी उचलली, आत गेली. टेबलावर धुतलेल्या चादरींचा ढीग होता. तिनं एका चादरीची दोन टोकं धरली, चिमण्यानं समोरची दोन. ताणली, झटकली, घडी घातली, जवळ आले, टोकं एकमेकांच्या हातात दिली, पुन्हा लांब गेले. लहानपणी गच्चीवर असंच करायचे. तिसऱ्या चादरीला तो जवळ आला तेव्हा ताई म्हणाली,

"मी साडेतीन वर्षं दार उघडं टाकून झोपले. तुझ्यामुळे. आणि रोज झोपण्याआधी तुला शाप दिला."

"लागला नाही," चिमणा म्हणाला. "धंदा बरा चाललाय."

आता मात्र ती हसली आणि हसता हसता रडली, आणि चिमण्यानं तिला तोंड पुसायला कुणा गिऱ्हाइकाचा धुतलेला रुमाल दिला.

पाचच्या सुमाराला साहेब आले. एकटेच, पायी. काउंटरशी एक बाई पडदे घ्यायला उभ्या होत्या. साहेब त्यांच्यामागे जाऊन रांगेत उभे राहिले. बाईंनी वळून पाहिलं आणि ओळखलं. जुन्या सवयीनं त्या बाजूला झाल्या.

"नाही, नंबर तुमचा आधी," साहेब म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मग पडद्यांचा गठ्ठा उचलत त्या म्हणाल्या, "आम्ही टेकडीवर राहतो. पांढरा कपडा घरी धुता येत नाही, अजून लाल डाग पडतात. म्हणून इथे आणते."

भाषण करायला यापेक्षा चांगली जागा साहेबांना कुणी दिली नसती. वस्तीचे प्रश्न, आश्वासन, पाठपुरावा, सगळे शब्द त्यांच्या जिभेवर वर्षानुवर्षं तयार असायचे.

"माझ्यामुळे," एवढंच ते म्हणाले. 

 बाईंनी गठ्ठा काखेत धरला आणि निघून गेल्या. साहेब त्या गल्लीच्या वळणाशी दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले. तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून कर्ण्याचा आवाज आला. फुलांनी मढवलेली उघडी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. मागे चिरंजीव एकटेच उभे होते, एक हात वर, दुसरा कुणाच्या खांद्यावर ठेवायचा ते न कळल्यामुळे खिशात. त्यांना लॉन्ड्री दिसली, काउंटरशी बाप दिसला, आत मामाशेजारी आई दिसली. गाडी हळू झाली. कर्णा क्षणभर गप्प झाला. मग गाडी पुढे गेली. त्या दिवशी मैदानात चिरंजीव बोलले, पण भाषणात मामाचं नाव आलं नाही, हे ताईला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आलेल्या एका रुग्णाकडून कळलं. भाषण पडलं, असंही तो म्हणाला. ताईनं त्याला लगेच नंबर दिला.

साहेब काउंटरपाशी आले. त्यांनी दोन्ही हात फळीवर ठेवले.

"चिमण्या," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी बहुधा दोन वर्षं घोटलं असावं. अर्ध्या वाटेवरच त्यांचा आवाज बसला. ते तसेच उभे राहिले, फळी घट्ट धरून, ओठ हलत होते पण शब्द येत नव्हता. दिवसभर गीझरपासून औषधवाल्यापर्यंत सगळ्यांचे मानून झाले होते, आणि जिथे मानायचे तिथेच ते अडखळले.

चिमण्यानं त्यांना फार वेळ तसं उभं राहू दिलं नाही.

"भाऊजी, आत या," तो म्हणाला. "तिथे उभे राहिलात तर लोकांना वाटेल कपडे टाकायला आलात."

ताईनं चमकून भावाकडे पाहिलं. पीए झाला त्या दिवसापासून त्यानं त्यांना साहेबच म्हटलं होतं, घरी, गाडीत, आजारपणात, कोर्टाच्या पिंजऱ्यातसुद्धा. भाऊजी म्हणायचा तो त्याआधी, सायकलच्या दांड्यावर बसून वॉल्व फिरवायला जायचा तेव्हा. चिमण्याच्या चेहऱ्यावर मात्र काहीच वेगळं नव्हतं. तो फळी उचलून धरून उभा होता.

साहेब वाकले आणि आत गेले. बसायला खुर्ची नव्हती, चिमण्यानं त्यांना धुवायच्या गोधड्यांच्या गठ्ठ्यावर बसवलं. ताईनं डब्याचं झाकण काढायला घेतलं, ते निघेना. मग तिघांनी मिळून काढलं. चमचा एकच होता. पहिला घास कुणी घ्यायचा यावर थोडा वाद झाला, आणि तो मिटायच्या आतच काउंटरवर कुणीतरी घंटी वाजवली. चिमणा भरल्या तोंडानं म्हणाला, "आलो, आलो, घरचे जेवतायत."